आवाजाचे चढउतार आणि मौखिक साहित्याचा पाठ

४.१ प्रास्ताविक

लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी कोणती पूर्वतयारी करावी, निवेदकाशी बोलणे कसे सुरू करावे आणि नोंदवहीत काय टिपावे, याचे विवेचन मागील घटकात आले आहे. प्रस्तुत घटकात त्या नोंदवहीशेजारी ठेवलेल्या ध्वनिमुद्रकाचा विचार करावयाचा आहे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या अंतरंगात कशासाठी शिरावे, अशी शंका येणे साहजिक आहे. ती दूर करण्यासाठी एक प्रसंग कल्पून पाहू.

समजा, पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या परिसरातील एखाद्या पाड्यावर आपण प्रकल्पकार्यासाठी गेला आहात. भाताची कापणी उरकली आहे. रात्रीची जेवणे झाल्यावर अंगणात माणसे जमली आहेत आणि कोकणा समाजातील एक वयस्क कथेकरी कथा सांगण्यास बसले आहेत. काशाच्या थाळीत मेणाने उभी चिकटवलेली काडी बोटांच्या चिमटीतून वरून खाली ओढली जात आहे आणि तिच्यातून गुंजारवासारखा अखंड नाद निघत आहे. ऐकणाऱ्यांपैकी एक जण वाक्यावाक्याला हुंकार देत आहे. कथेत राजाचा दरबार आला की कथेकऱ्यांचा आवाज चढतो. रानात एकटी सापडलेली मुलगी बोलू लागली की तो इतका उतरतो की, माणसे पुढे झुकून ऐकतात. आपण मोबाइल समोर ठेवता, कळ दाबता आणि निश्चिंत होता.

घरी येऊन ते ध्वनिमुद्रण ऐकू लागल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटते. शब्द सगळे आहेत. परंतु थाळीचा नाद पहिल्या काही क्षणांनंतर जवळजवळ नाहीसा झाला आहे. हुंकार कुठे अर्धवट, तर कुठे मुळीच नाहीत. मुलीचे कुजबुजते बोलणे आणि दरबारातील ललकारी एकाच उंचीवर येऊन बसली आहेत. महिनाभराने प्रकल्पलेखन करताना अंगणातील आठवण पुसट झालेली असते आणि हाताशी उरते ते केवळ ध्वनिमुद्रण. मग आपण लिहिता, ‘निवेदकाची कथनशैली संथ व एकसुरी आहे.’ हे वाक्य निवेदकाचे वर्णन करीत नाही; ते मोबाइलमधील एका प्रक्रियेचे वर्णन करते. ही प्रक्रिया कोणती आणि ती काय करते, हे समजून घेणे हा या घटकाचा विषय आहे.

४.२ तीव्रतेचा पल्ला

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. कुजबूज साधारणतः ३० डेसिबल, नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबल आणि जवळून वाजणारे चर्मवाद्य त्याहून पुष्कळ वर, असा ढोबळ हिशेब ध्यानात ठेवावा. हे एकक साध्या बेरजेचे नाही. २० डेसिबलची वाढ म्हणजे हवेतील ध्वनिदाबात १० पट वाढ. म्हणून कुजबूज आणि संभाषण यांतील ३० डेसिबलचे अंतर हे ध्वनिदाबाच्या भाषेत ३० पटींहूनही थोडे अधिक असते. आपला कान हे अंतर सहज पेलतो. किंबहुना, अर्थ लावताना तो त्याचाच आधार घेतो.

यंत्राला मात्र एक जमीन असते आणि एक छत असते. जमीन म्हणजे यंत्राची स्वतःची खरखर; तिच्याखाली गेलेला आवाज बुडतो. छत म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा. तिच्यावर गेलेल्या आवाजाचे शेंडे छाटले जातात आणि तो फाटल्यासारखा ऐकू येतो. जमीन आणि छत यांमधील अंतराला तीव्रतेचा पल्ला म्हणता येईल. साध्या कॅसेट फितीवर हा पल्ला ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असे. १६ बिटांच्या अंकीय ध्वनिमुद्रणात तो सुमारे ९६ डेसिबल मिळतो आणि २४ बिटांत, निदान गणिताने, १४४ डेसिबल. कॅसेटच्या काळी चढउतार आवळल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आज तशी अडचण उरलेली नाही. तरीही आवळण्याची सवय यंत्रात शिल्लक राहिली आहे, कारण मोबाइलची रचना मुख्यतः संभाषणासाठी झालेली आहे. गजबजलेल्या रस्त्यावरून बोलणाऱ्याचे शब्द पलीकडे नीट पोचावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. अंगणातील कथा टिपणे ही त्याच्या कर्त्यांच्या मनातील गोष्ट नव्हे.

४.३ कॉम्प्रेसर आणि त्याचे सोयरे

चढउतार आवळणाऱ्या साधनाला कॉम्प्रेसर म्हणतात. नावामुळे होणारा एक घोटाळा आधीच दूर करू. एमपी३ सारख्या स्वरूपात धारिका लहान करण्यालाही कॉम्प्रेशन म्हणतात. तेथे साठवणुकीची जागा वाचवण्यासाठी माहिती गाळली जाते. येथे अभिप्रेत असलेले कॉम्प्रेशन निराळे आहे. यात धारिकेचा आकार बदलत नाही, बदलते ते मोठ्या व लहान आवाजांमधील अंतर.

कॉम्प्रेसर कसे काम करतो, हे समजण्यासाठी ध्वनिमुद्रण करताना स्वतः आवाजाची खुंटी धरून बसलेला एक दक्ष माणूस डोळ्यांसमोर आणावा. आवाज एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की तो खुंटी मागे फिरवतो. हा उंबरठा म्हणजेच थ्रेशोल्ड. किती मागे फिरवायची, हे गुणोत्तराने ठरते. एक उदाहरण घेऊ. अंकीय ध्वनिमुद्रणात छताला शून्य मानून खाली उणे आकडे मोजतात. उंबरठा उणे २० डेसिबलवर आहे आणि गुणोत्तर ४ ला १ आहे, असे माना. ललकारी उणे ८ डेसिबलपर्यंत गेली, म्हणजे ती उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. गुणोत्तरानुसार या १२ पैकी केवळ ३ डेसिबल बाहेर जाऊ दिले जातात, आणि ललकारी उणे १७ वर येऊन थांबते. उणे ३५ वर असलेली कुजबूज उंबरठ्याखाली असल्याने जशीच्या तशी राहते. येथवर फारसे बिघडले नाही. परंतु आता एकंदर आवाज लहान झाला म्हणून यंत्र सगळेच ९ डेसिबलनी उचलते. ललकारी पुन्हा उणे ८ वर जाते आणि कुजबूज उणे २६ वर चढते. मूळचे २७ डेसिबलचे अंतर १८ वर आले. कुजबुजीबरोबर रातकिडे, दूरवरचा कुत्रा आणि यंत्राची खरखर हीही तितकीच वर येतात, हे वेगळे सांगावयास नको.

खुंटी किती चटकन मागे घ्यायची आणि किती सावकाश पुढे आणायची, या दोन वेळा मिलिसेकंदांत मोजतात. तंत्रज्ञ त्यांना अटॅक आणि रिलीज म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाने या दोन वेळांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘प’, ‘त’, ‘क’ यांसारख्या स्पर्श व्यंजनांचा स्फोट काही मिलिसेकंदांतच होऊन जातो. पकड फार शीघ्र असेल तर हा स्फोट बोथट होतो. सुटका फार सावकाश असेल तर मोठ्या शब्दामागून आलेला लहान शब्द दबलेलाच राहतो. वाक्याच्या शेवटी उतरत गेलेले अक्षर हे मराठीच्या सर्वच बोलींत नाजूक ठिकाण आहे, आणि बोलीचा प्रत्यय पुष्कळदा तेथेच असतो.

याच कुळातील इतर साधने थोडक्यात पाहू. लिमिटर म्हणजे गुणोत्तर अतिशय मोठे ठेवलेला कॉम्प्रेसर. तो छताला डोके आपटू देत नाही. नॉइज गेट याच्या उलट, उंबरठ्याखालील आवाजाला दारच लावून घेतो. एन्हान्सर आवाजात वरच्या कंपनसंख्यांचे नवे अंश मिसळून तो अधिक उजळ व जवळचा भासवतो. म्हणजे मुळात नसलेले काहीतरी त्यात घालतो, हे लक्षात ठेवावे. आणि मोबाइलमध्ये जे आपल्या नकळत चालू असते, ते स्वयंचलित आवाज-नियंत्रण. यात उंबरठा, गुणोत्तर, वेळ यांपैकी काहीच आपल्या हाती नसते. त्याच्या जोडीला बहुधा गोंगाट काढून टाकणारी प्रणालीही असते आणि लोकसाहित्याच्या दृष्टीने तीच सर्वांत घातक ठरते.

४.४ यंत्रापूर्वीचा कॉम्प्रेसर

चढउतार आवळण्याची गरज यंत्राइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात येऊन गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण करून गेले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात गात आणि त्या आवाजाच्या दाबाने सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. या पद्धतीत खालच्या स्वरांना पुढे झुकणे आणि तारस्वरांना मागे सरणे भाग असे. एखाद्या गायकाला तर शेजारी उभा असलेला सहायक हाताला धरून मागे ओढी. तो सहायक हाच त्या काळचा कॉम्प्रेसर. विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आल्यावर ही धडपड थांबली. पुढे नभोवाणीत लिमिटर आवश्यक ठरला, कारण अचानक चढलेला आवाज प्रक्षेपकाला झेपत नसे.

या इतिहासातील एक धागा भारतातून जातो. रे डॉल्बी हे अभियंते १९६३ पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि फितीवरील खरखर कमी करण्याची पद्धत सिद्ध केली. मुद्रण करताना लहान आवाज ठरावीक नियमाने उचलायचे आणि ऐकताना त्याच नियमाने ते पुन्हा खाली आणायचे, म्हणजे मधल्या वाटेत मिसळलेली खरखरही खाली जाते. मूळ चढउतार परत मिळतात, कारण आवळण्याचा नियम ठाऊक असतो. मोबाइलने आवळलेल्या कथेचे असे होत नाही. खुंटी कोणत्या क्षणी किती फिरली, याची नोंद त्याने कुठेच ठेवलेली नसते. त्यामुळे परतीचा रस्ता बंद होतो.

४.५ नाद की गोंगाट?

जव्हार-मोखाड्याच्या परिसरातील काही प्रकार या दृष्टीने तपासून पाहू. गोंगाट काढणाऱ्या प्रणालीचे तत्त्व साधे आहे. जो आवाज सतत, एकसारखा चालू राहतो, तो पंख्याचा किंवा इंजिनाचा असणार. जो तुटक, बदलता असतो, तो माणसाच्या बोलण्याचा. शहरातील कचेरीत हे गृहीतक बहुधा खरे ठरते. अंगणात मात्र थाळीचा अखंड नाद हा कथेचा पायाच असतो. कथेकरी श्वास घेण्यास थांबतो तेव्हा कथा थांबत नाही, कारण नाद चालू असतो. प्रणालीने त्याला पंखा समजून पुसले की, कथेकऱ्याच्या विरामांच्या जागी पोकळी निर्माण होते आणि अभ्यासकाला ते विराम विस्मरणाचे किंवा अडखळण्याचे वाटू लागतात. हुंकाराचेही तसेच. तो लहान असतो, उंबरठ्याखाली सापडतो. तो गेला की दोघांनी मिळून पुढे नेलेली कथा एकट्याचे भाषण होऊन बसते. हा केवळ आवाजाचा दोष राहत नाही, साहित्यप्रकारच बदलतो.

जात्यावरच्या ओव्यांनाही हेच लागू आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. जात्याची घरघर यंत्राच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट. ओवीच्या दृष्टीने ती लय. कोणत्या फेऱ्यावर चरण संपतो, हे घरघर पुसल्यावर कळणार कसे?

वारली समाजाचा तारपा याहून वेगळा प्रश्न उभा करतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांनी बनलेले हे वाद्य वादक श्वास न तोडता वाजवीत राहतो. आवाज मोठा आणि अखंड. स्वयंचलित नियंत्रण खुंटी एकदा मागे घेते ती तशीच धरून ठेवते. परिणामी नाचणाऱ्यांच्या पावलांचा ठेका आणि म्होरक्याच्या हातातील घुंगरांची काठी यांचा आवाज तारप्याखाली गाडला जातो. वादक नाचणाऱ्यांबरोबर फिरत असतो. त्याचे जवळ येणे आणि दूर जाणे हे कानाला स्पष्ट जाणवते, पण आवळलेल्या मुद्रणात तो एकाच जागी उभा असल्यासारखा भासतो. तारपा थांबल्यावर पहिली दोन-तीन वाक्ये दबलेली येतात, कारण खुंटी अजून पुढे आलेली नसते. आणि नाच संपताच माणसे एकमेकांशी जे बोलतात, ते पुष्कळदा नोंद घेण्याजोगे असते. बोहाड्यात संबळाच्या प्रत्येक ठोक्यासरशी भोवतालचे बोल असेच खाली दबतात.

याच्या दुसऱ्या टोकाला लग्नविधी चालवणाऱ्या धवलेरीचे गाणे येते. ते मंडपाला उद्देशून नसते, देवतांना उद्देशून असते. म्हणून ते ऐकू जावे यासाठी आवाज चढवण्याचे कारण तिला नसते. अशा गाण्याला उचलून, उजळ करून मंचावरील गाण्याच्या तोलाचे केले, तर ते ऐकायला सोपे होईल, परंतु ते कोणासाठी गायिले गेले, ही माहिती पुसली जाईल.

४.६ मूळ प्रत आणि शुद्ध प्रत

पाठचिकित्सेचा परिचय आपणांस आधीच्या अभ्यासक्रमात झाला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तसे केल्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी जोडली. पुढे वि. का. राजवाडे यांना त्यापूर्वीचा पाठ शोधावासा वाटला, तेव्हा त्यांना जुन्या पोथीचा माग काढावा लागला. त्यांनी संपादित केलेली प्रत १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. शुद्ध प्रतीचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. प्रश्न एवढाच असतो की, शुद्धी कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केली, आणि मागे जाण्याची वाट मोकळी आहे का. एकनाथांनी निदान नोंद ठेवली. मोबाइल तीही ठेवत नाही.

ध्वनिमुद्रणालाही हीच शिस्त लावावी. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वारली बोलीचे नमुने छापील स्वरूपात आहेत. तेथे उच्चाराचा अंदाज लिपीवरूनच करावा लागतो. आपल्या हाती प्रत्यक्ष आवाज आहे, म्हणून तो बिघडवण्याची जबाबदारीही आपलीच. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ हे मान घालून दिले आहे आणि जतनाच्या प्रतीत ‘सुधारणा’ करू नयेत, असा तिचा दंडक आहे. विद्यार्थ्याला हे पाळणे अवघड नाही. मोबाइलऐवजी साधा स्वतंत्र ध्वनिमुद्रक मिळाला तर उत्तम; त्यातील स्वयंचलित नियंत्रण व गोंगाट काढण्याची सोय बंद करावी. मोबाइलच वापरावा लागला, तर ज्यात या सोयी बंद करता येतात असे उपयोजन शोधावे. कथेकऱ्यांना आधी सर्वांत मोठ्या आवाजातील एखादा भाग म्हणून दाखवण्याची विनंती करावी आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवून, मग तिला हात लावू नये. कुजबूज लहान ऐकू येईल. येऊ द्यावी. २४ बिटांत तिला पुरेशी जागा आहे आणि नंतर ती प्रतीवर उचलता येते.

खुंटीपेक्षा अंतर अधिक उपयोगी पडते, हे अनुभवाने कळते. उघड्या अंगणात मायक्रोफोन आणि कथेकरी यांमधील अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलनी वाढतो, आणि भोवतालचा गोंगाट होता तेवढाच राहतो. हुंकार देणारी व्यक्तीही कक्षेत येईल अशी बैठक ठरवावी. आपल्या सोयीसाठी थाळी बंद करावयास सांगू नये.

कॉम्प्रेसर वर्ज्य आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. लिप्यंतर करताना कुजबुजलेले शब्द नीट ऐकू यावेत, वर्गात शंभर जणांना ध्वनिफीत ऐकवता यावी, नभोवाणीवर कार्यक्रम करता यावा, यासाठी तो हवाच. फक्त तो प्रतीवर चालवावा, मूळ धारिकेवर नव्हे. आणि ती धारिका संदेशसेवेवरून पाठवलेली नसावी, कारण तेथे तिचे रूप पुन्हा बदलते. प्रत्येक प्रतीबरोबर साधन, अंतर, तारीख, केलेली प्रक्रिया आणि तिचे आकडे यांची नोंद जोडावी. लिप्यंतरातही चढउतारांना जागा द्यावी. आवाज कोठे उतरला, विराम कोठे आला, हुंकार कोठे पडला, हे समासात टिपले तर छापील पाठ वाचणाऱ्यालाही अंगणाची काही कल्पना येते. आपल्याकडील लोककथांच्या संग्रहांत हे क्वचितच आढळते, आणि त्याचे खापर सर्वस्वी संग्राहकांवर फोडता येणार नाही; त्यांच्या हाती असलेल्या साधनांनी त्यांना हे ऐकूच दिले नसेल.

आपण करून पाहा

घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून, त्यांच्या संमतीने, पाच मिनिटांची कथा किंवा आठवण एकाच वेळी दोन साधनांवर ध्वनिमुद्रित करा. एकावर स्वयंचलित नियंत्रण चालू ठेवा, दुसऱ्यावर बंद. दोन्ही मुद्रणे आठवडाभराने ऐकून प्रत्येकावरून स्वतंत्र लिप्यंतर तयार करा आणि त्यात विराम, हुंकार व आवाज उतरलेल्या जागा खुणांनी दाखवा. दोन लिप्यंतरांत ज्या ठिकाणी फरक पडला, त्यांपैकी तीन ठिकाणे निवडून तेथे निवेदकाच्या शैलीविषयी आपले मत कसे बदलले, ते दीडशे शब्दांत लिहा. शक्य असल्यास दोन्ही मुद्रणे त्या व्यक्तीला ऐकवा आणि स्वतःचा आवाज कोणत्यात ओळखू येतो, असे त्यांनाच विचारून त्यांचे उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या.